विश्लेषण : पवनचक्कीला तीनच पाती का? माँटानाच्या रँचवर उत्तर शोधणाऱ्या मार्सेलस जेकब्स यांची गोष्ट

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर गेलात तर पवनचक्क्यांच्या रांगा दिसतात. त्यातल्या जवळपास प्रत्येकीला तीन पाती असतात. फार्म हाऊसच्या गच्चीवर बसवलेली छोटी घरगुती पवनचक्की बघा, तिलाही बहुतेक वेळा तीनच पाती. दोन का नाहीत? दोन पाती म्हणजे खर्च कमी, वजन कमी आणि वर चढवायलाही सोपं. तरीही तीनच का?

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका रँचवर वाढलेल्या तरुणाला पडला होता. त्याच्या हाताशी ना प्रयोगशाळा होती, ना संगणक. होता तो भरपूर वारा, एक जुनी गाडी आणि घरात दिवा लावायची गरज. त्याचं नाव मार्सेलस जेकब्स. घरगुती पवनचक्कीच्या पात्यांत आणि हबमध्ये आज जे बिघाड होतात, ते जवळपास सगळे जेकब्स यांनी आपल्या आयुष्यात पाहिले आणि एकेक करून निस्तरले. म्हणूनच त्यांचं आयुष्य समजून घेतलं, की गच्चीवरची पवनचक्की का खडखडतेय हेही कळायला लागतं.

कोण होते मार्सेलस जेकब्स?

जेकब्स यांचा जन्म १९०३ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यात झाला. पुढे त्यांचं कुटुंब माँटाना राज्याच्या पूर्व भागात, वायडा या गावाजवळच्या रँचवर राहायला गेलं. रँच म्हणजे गुरांची मोठी शेतवाडी. आजूबाजूला मैलोन्‌मैल माळरान, हिवाळ्यात हाडं गोठवणारी थंडी आणि बाराही महिने वारा.

त्या काळात अमेरिकेतली शहरं विजेच्या दिव्यांनी उजळली होती, पण खेडी अंधारात होती. १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथल्या दहापैकी सुमारे नऊ शेतघरांत वीज पोहोचलेली नव्हती. वीज कंपन्यांचा हिशेब सरळ होता. एका घरासाठी काही मैल तार ओढायची, खांब रोवायचे आणि बिल मिळणार चार दिव्यांचं. परवडणार कसं?

ज्यांना जमत होतं ते शेतकरी इंधनावर चालणारा जनरेटर घेत. जेकब्स कुटुंबाकडेही तो होता. पण त्याचं इंधन शहरातून वाहून आणावं लागे, आणि बर्फाने रस्ते बंद झाले की तेही अवघड. दारात फुकटचा वारा घोंघावत असताना इंधनासाठी एवढी पायपीट कशाला, या साध्या प्रश्नातून मार्सेलस आणि त्यांचा भाऊ जो यांनी खटपट सुरू केली.

पहिला प्रयत्न का फसला?

पवनचक्की त्या भागात नवी नव्हती. विहिरीतून पाणी उपसणाऱ्या, पंधरा-वीस पत्र्याच्या पात्यांच्या चक्क्या जवळपास प्रत्येक रँचवर होत्या. साल होतं १९२२च्या आसपासचं. दोघा भावांनी अशाच एका चक्कीचं चाक घेतलं, जुन्या फोर्ड गाडीचा मागचा अ‍ॅक्सल त्याला जोडला आणि त्याच्या गिअरमधून जनरेटर फिरवायचा प्रयत्न केला. वीज तयार झाली, पण फारच कमी.

कारण असं. पाणी उपसायला ताकद लागते, वेग नाही. भरपूर पाती असलेलं चाक मंद वाऱ्यातही जोर लावून पंपाचा दांडा हलवतं, पण ते स्वतः सावकाश फिरतं. त्याच्या पात्यांच्या टोकाचा वेग वाऱ्याच्या वेगाच्या आसपासच राहतो. जनरेटरचं गणित उलटं आहे. त्याला फेरे हवेत. ओहायोतल्या क्लीव्हलँडमध्ये चार्ल्स ब्रश यांनी १८८८ मध्ये तब्बल १४४ पात्यांची आणि सुमारे १७ मीटर व्यासाची अवाढव्य चक्की उभारली होती. तिच्यातून मिळत होती जेमतेम १२ किलोवॉट वीज.

मग वेग वाढवायचा कसा? त्याचं उत्तर जेकब्स यांना आकाशात मिळालं. १९२०च्या दशकात ते विमान चालवायला शिकले. विमानाचा पंखा दोन निमुळत्या, पिळदार पात्यांचा असतो आणि प्रचंड वेगाने फिरतो. असाच पंखा वाऱ्यासमोर धरला तर? त्यांनी करून पाहिलं. वेग मिळाला. कमी पाती, पण नीट आकाराची, हे सूत्र हाती लागलं. पात्यांचं टोक वाऱ्याच्या पाच-सहा पट वेगाने पळू लागलं की जनरेटर खूश.

पण यश मिळालं आणि त्याच्यासोबत नवं दुखणंही आलं.

दोन पात्यांची चक्की थरथरायची का?

वारा एका दिशेने स्थिर वाहत असेल तोवर दोन पात्यांची चक्की छान चाले. वाऱ्याने दिशा बदलली आणि शेपटाने चक्कीचं तोंड वळवायला सुरुवात केली, की अख्खा सांगाडा थडथड उडायला लागे. बोल्ट सैल होत, पाती तडकत.

हे का होतं ते समजायला शाळेतला एक प्रयोग आठवा. फिरत्या स्टुलावर बसून दोन्ही हात पसरले की गिरकी मंदावते. हात छातीशी घेतले की ती वाढते. म्हणजे वजन अक्षापासून दूर गेलं की वळायला विरोध वाढतो आणि जवळ आलं की तो कमी होतो. आता दोन पाती डोळ्यासमोर आणा. ती उभी असतात तेव्हा त्यांचं सगळं वजन मनोऱ्याच्या रेषेत असतं, त्यामुळे चक्की सहज वळते. पाव फेरा पुढे गेला की पाती आडवी होतात, हात पसरल्यासारखी. आता ती वळायला तयार नसतात. शेपूट मात्र एकसारखं ढकलत असतं. परिणाम असा, की चक्की वळते, अडते, पुन्हा वळते, पुन्हा अडते. प्रत्येक फेऱ्यात दोनदा. मिनिटाला २२५ फेरे धरले तर मिनिटाला ४५० हिसके. त्यात फिरता भोवरा तिरका करताना हाताला जो विचित्र झोक जाणवतो, तोही याच तालावर कमी-जास्त होतो.

जेकब्स यांनी तिसरं पातं लावलं आणि हिसके थांबले. तीन पाती १२० अंशांवर असली की एक उभं असताना दुसरी दोन तिरकी असतात. चक्र कुठल्याही स्थितीत असो, तिघांचा मिळून वळण्याला होणारा विरोध तेवढाच राहतो. बारावीच्या त्रिकोणमितीत हे दोन ओळींत सिद्ध करता येतं. जेकब्स यांनी ते मनोऱ्याखाली उभं राहून, मोडतोड बघत शोधलं. चार पात्यांनीही हे जमतं, पण तीनमध्ये काम होत असताना चौथ्याचा खर्च का करायचा?

तीन पात्यांचा शोध एकट्या जेकब्स यांनी लावला असं नाही. युरोपातही या दिशेने प्रयोग झाले. पण घरगुती वीज देणाऱ्या, कारखान्यात हजारोंनी तयार होणाऱ्या यंत्राचा कणा म्हणून तीन पाती रुजवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

थरथर नेमकी कधी होते, यावरून रोग कसा ओळखायचा?

जेकब्स यांच्या या अनुभवातून आजच्या वापरकर्त्याला एक मोलाची गोष्ट शिकता येते. थरथर होतेय एवढंच बघू नका, ती कधी होते ते बघा.

थरथर फक्त चक्की तोंड फिरवते तेव्हाच जाणवत असेल, तर दोष वळण्याच्या व्यवस्थेत असू शकतो. मनोऱ्याच्या टोकावरचं वळणारं बेअरिंग झिजलंय का, शेपटाची बिजागरी सैल झाली आहे का, हे आधी तपासा. चक्की दोन पात्यांचीच असेल तर काही प्रमाणात हा तिचा स्वभावच आहे.

फेरे वाढतील तशी थरथर वाढत जात असेल, तर संशय पात्यांच्या वजनावर घ्या. एक पातं जड झालंय.

ठराविक वेगाला थरथर येते आणि त्यापुढे नाहीशी होते, असं असेल तर पाती निर्दोष असू शकतात. मनोरा किंवा त्याचे ताण देणारे तारदोर त्या वेगाशी ताल धरून डोलतायत. तारांचा ताण कमी-जास्त करून हा वेग हलवता येतो.

पाती लाकडाचीच का होती?

जेकब्स यांनी पात्यांसाठी सिट्का स्प्रूस हे लाकूड निवडलं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वाढणारं हे झाड त्या काळी विमानं बांधायलाही वापरत. वजनाला हलकं, सरळ आणि लांब रेषांचं, आणि मुख्य म्हणजे वाकून पुन्हा सरळ होण्यात चिवट.

हा चिवटपणा का लागतो? पातं वर असताना त्याचं वजन हबवर दाबतं, खाली आल्यावर हबला ओढतं, आडवं असताना मुळाशी वाकवतं. हे प्रत्येक फेऱ्यात घडतं. मिनिटाला २२५ फेऱ्यांनी रोज दहा तास चक्की फिरली, तर वर्षाकाठी जवळपास पाच कोटी वेळा पातं वाकतं आणि सरळ होतं. तार हाताने पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसंच हे. अ‍ॅल्युमिनिअमसारखा धातू या छळाला कधी ना कधी शरण जातोच. चांगलं लाकूड बराच काळ तग धरतं. आजची बहुतेक पाती काचतंतू आणि रेझिनची असतात, तीही याच कारणासाठी.

जेकब्स यांच्या चक्कीचा व्यास सुमारे १४ फूट होता. मिनिटाला २२५ फेरे धरले तर पात्याचं टोक ताशी सुमारे १८० किलोमीटर वेगाने पळतं. एवढ्या वेगात पावसाचा थेंब आणि धुळीचा कण सँडपेपरसारखं काम करतो. पात्याची पुढची कड आधी खडबडीत होते, मग तिथून पाणी आत शिरतं आणि पातं जड होतं.

थोड्याशा वजनाने असा काय फरक पडतो? गोफण आठवा. दगड छोटा असतो, पण फिरवताना हाताला मोठी ओढ बसते. हबपासून दोन मीटरवर फक्त ५० ग्रॅम जास्तीचं वजन असेल, तर २२५ फेऱ्यांना ते सुमारे साडेपाच किलोच्या जोराने हबला बाहेर खेचतं, आणि तेही प्रत्येक फेऱ्यात चारी दिशांना. फेरे दुप्पट झाले की ही ओढ चौपट, म्हणजे बावीस किलोच्या घरात जाते. बेअरिंगचा जीव जातो तो असा.

पात्यांचा तोल कसा तपासायचा?

वादळानंतर आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर पाती जवळून बघावीत. मुळाशी, बोल्टच्या भोकांभोवती केसासारखी चीर दिसली तर ते पातं बादच समजा. मुळाशी ठिगळ लावून चालत नाही. पुढची कड खरबरीत झाली असेल तर घासून, रंग देऊन किंवा खास टेप लावून ती गुळगुळीत करता येते. पण एका पात्याला केलं की तिघांना करायचं, नाहीतर दुरुस्तीच नवा बिघाड होते.

तोल तपासायला चक्र खाली उतरवून बंद खोलीत, आडव्या दांड्यावर मोकळं फिरेल असं बसवा. हलकेच फिरवून सोडा. दरवेळी तेच पातं खाली येऊन थांबत असेल, तर ते जड आहे. समोरच्या हलक्या पात्यांच्या मुळाशी थोडं वजन पक्कं बसवून पुन्हा बघा. कुठलंच पातं खाली यायचा हट्ट धरत नाही, तेव्हा तोल जमला. तीनही पाती काट्यावर सारखी भरली म्हणून निश्चिंत होऊ नका. एकाचं वजन मुळाशी आणि दुसऱ्याचं टोकाकडे असेल तर काटा सारखं दाखवेल, हब मात्र ओरडेल.

दुसरी तपासणी घरातला डगमगणारा पंखा बघतो तशीच आहे. पंख्याचं प्रत्येक पातं छतापासून सारख्या अंतरावर आहे का, हे आपण काठी धरून पाहतो. इथे मनोऱ्यापासून प्रत्येक पात्याच्या टोकाचं अंतर मोजायचं. तिन्ही टोकं एकाच जागेवरून गेली पाहिजेत. शिवाय लगतच्या दोन टोकांमधलं अंतरही तिन्ही बाजूंना सारखं हवं.

हबमध्ये जेकब्स यांनी काय बसवलं?

हब म्हणजे चक्राचा मधला भाग. बैलगाडीच्या चाकात आरे ज्या तुंब्यात बसतात, तोच हा तुंबा. जेकब्स यांचं सर्वांत मोठं काम या तुंब्यात आहे.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते. म्हणजे रोजच्या झुळकीत दिवा लावणारी चक्की वादळात स्वतःलाच फाडून टाकू शकते. त्यातच बॅटरी पूर्ण भरली किंवा तार तुटली, तर जनरेटरवरचा भार जातो आणि चक्र मोकाट सुटतं. त्या काळी पुष्कळ छोट्या चक्क्या याच कारणाने मोडून पडत.

जेकब्स यांनी हबवर वजनांचा नियंत्रक बसवला. चक्र ठराविक वेगापुढे गेलं की वजनं गोफणीसारखी बाहेर फेकली जातात आणि त्यांच्या ओढीने पाती आपल्या मुळाशी थोडी पिळली जातात. वाऱ्याला कापणारा कोन बिघडला की पातं कमी शक्ती घेतं आणि वेग आवरतो. वारा पडला की स्प्रिंग पात्यांना मूळ जागी आणते. पुढच्या रचनेत पात्यांच्या स्वतःच्या वजनानेच हे काम करून घेतलं. यात वीज लागत नाही, माणूस लागत नाही. बॅटरी असो वा नसो, तार जोडलेली असो वा तुटलेली, नियंत्रक आपलं काम करतो.

यातली मेख अशी की तिन्ही पाती एकाच वेळी, एकाच मापाने वळली पाहिजेत. एक अडकलं तर दोन पाती आवरतात आणि तिसरं खेचत राहतं. मग वजनाचा तोल अचूक असूनही चक्की हादरते. आज पाती वळवणारा हब असलेल्या चक्कीत हाच बिघाड वारंवार दिसतो. गंजलेली पिन, थकलेली स्प्रिंग किंवा सुकलेलं ग्रीस, एवढंच कारण पुरतं.

जेकब्स यांचा दुसरा निर्णय गिअरबॉक्स टाळण्याचा होता. वेग वाढवणारे गिअर मनोऱ्यावर चढवले की तेल, झीज आणि दुरुस्ती आली. त्याऐवजी त्यांनी कमी फेऱ्यांतही पुरेशी वीज देईल असा मोठा, जड जनरेटर बनवला आणि पात्यांचा हब थेट त्याच्या दांड्यावर बसवला. यंत्र महाग झालं, पण बिघडायच्या जागा कमी झाल्या.

हब बिघडलाय हे कसं ओळखायचं?

बोल्टभोवती तांबूस भुकटी दिसली, तर समजा की दोन भाग एकमेकांवर सूक्ष्म घासले जातायत, म्हणजे बोल्ट सैल आहे. नुसतं आवळून सोडू नका. कंपनीने दिलेल्या मापाने, टॉर्क पान्यानेच आवळा आणि न सुटणारे नट नवे घाला.

चक्र बांधून ठेवून एका पात्याचं टोक पुढे-मागे हलवा. खटखट जाणवली तर बेअरिंग किंवा पात्याचं मूळ सैल आहे. चक्र फिरण्याच्या दिशेने थोडंसं मागेपुढे होत असेल आणि दांडा मात्र स्थिर असेल, तर दांडा आणि हब यांना जोडणारी चावी झिजली आहे. हाताने सावकाश फिरवताना खरखर लागली, तर बेअरिंगमध्ये धूळ किंवा पाणी गेलंय.

पुरेसा वारा असूनही चक्की सुरूच होत नसेल, तर लगेच हब उघडू नका. आधी ब्रेकचा स्विच आणि तारा बघा. तारा एकमेकींना चिकटल्या असतील तर जनरेटर स्वतःच ब्रेक होतो. पाती नवी बसवली असतील तर ती उलटी तर लागली नाहीत ना, हेही पाहा. ही चूक वाटते त्यापेक्षा जास्त वेळा होते. वाऱ्याकडे तोंड असलेल्या चक्कीत पात्याची चपटी बाजू वाऱ्यासमोर हवी, फुगीर बाजू मागे, आणि जाड कड फिरण्याच्या दिशेने पुढे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. फिरत्या चक्राला हात, दोरी, काठी काहीही लावायचं नाही. वारा पडायची वाट बघा, ब्रेक लावा, पाती दोरीने बांधा, बॅटरीची जोडणी सोडा, मगच जवळ जा. मनोरा आडवा करता येत असेल तर वर चढण्यापेक्षा तो खाली घेणं केव्हाही चांगलं. जमत नसेल तर जाणकाराला बोलवा.

जेकब्स यांच्या चक्क्या किती टिकल्या?

आधी शेजारच्या रँचवाल्यांसाठी यंत्रं बनवणाऱ्या जेकब्स बंधूंनी पुढे कंपनी काढली आणि कारखाना मिनेसोटातल्या मिनिआपोलिसला हलवला. त्यांची यंत्रं प्रामुख्याने ३२ व्होल्टची असत. दोन-तीन किलोवॉटपर्यंतची वीज बॅटऱ्यांत साठवायची आणि त्यावर दिवे, रेडिओ, इस्त्री, अगदी फ्रिजही चालवायचा. त्या व्होल्टेजवर चालणारी उपकरणं तेव्हा बाजारात मिळत. स्वस्तातल्या, रेडिओची बॅटरी भरणाऱ्या दोन पात्यांच्या विनचार्जरसारख्या चक्क्याही होत्या. जेकब्स यांची चक्की त्यापेक्षा महाग होती, पण घर चालवणारी होती. कंपनीने एकूण सुमारे ३० हजार यंत्रं विकल्याचं सांगितलं जातं.

यातलं एक यंत्र फार दूर गेलं. दर्यावर्दी आणि वैमानिक रिचर्ड बर्ड यांच्या १९३३ मधल्या अंटार्क्टिका मोहिमेने जेकब्स यांची चक्की सोबत नेली आणि लिटल अमेरिका या तळावर उभारली. दोन दशकांनंतर, १९५५ मध्ये, मंडळी पुन्हा तिथे पोहोचली तेव्हा तळ बर्फाखाली गाडला गेला होता, पण मनोऱ्याचा वर राहिलेला भाग दिसत होता आणि पाती वाऱ्यावर फिरत होती. देखभालीला एकही माणूस नसताना.

मग हा धंदा बंद का पडला?

यंत्रात दोष होता म्हणून नाही. १९३५ मध्ये अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सरकारने ग्रामीण विद्युतीकरणाची मोहीम हाती घेतली. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना स्वस्त कर्ज मिळालं, खांब रोवले गेले, तारा गावोगाव पोहोचल्या. युद्धानंतर हे काम आणखी वेगाने झालं. बटण दाबताच हवी तेवढी वीज मिळू लागल्यावर बॅटऱ्यांत पाणी भरायला आणि मनोऱ्यावर चढायला कोण जाईल? खेड्यातल्या बाईमाणसांचे कष्ट त्या तारांनी कमी केले, हेही खरंच.

जेकब्स यांनी पाइपलाइन गंजू नयेत म्हणून लागणारी वीज पुरवण्यासारखे वेगळे उपयोगही शोधले. पण मूळ ग्राहकच उरला नव्हता. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात कारखाना थांबला. तीस वर्षं ज्या माणसाने अंधाऱ्या शेतघरांत दिवे लावले, त्याचं यंत्र शेतघरांत सरसकट वीज आल्यावर नकोसं झालं.

पुन्हा आठवण कशी झाली?

१९७३ मध्ये तेलाचं संकट आलं. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि अमेरिकेतल्या तरुणांना वाऱ्याची आठवण झाली. पण बाजारात चांगली छोटी पवनचक्की मिळेना. मग ही मुलं जुन्या रँचवर फिरू लागली. गोठ्यामागे, शेतात गंजत पडलेल्या जेकब्सच्या चक्क्या त्यांनी खाली उतरवल्या, बेअरिंग बदलली, नवी पाती घातली आणि पुन्हा उभ्या केल्या. तीस-चाळीस वर्षं जुनी यंत्रं पुन्हा वीज देऊ लागली. हे जमलं कारण त्यांची रचना उघडून दुरुस्त करता येईल अशी होती.

सत्तरी ओलांडलेले जेकब्सही पुन्हा कामाला लागले. मुलाच्या साथीने त्यांनी कंपनी नव्याने उभी केली आणि आधीपेक्षा मोठं यंत्र बाजारात आणलं. १९८५ मध्ये त्यांचं निधन झालं.

आपल्याकडे याचा काय संबंध?

महाराष्ट्रात महाऊर्जाने छोटी पवनचक्की आणि सौर पॅनेल एकत्र जोडलेले संच बसवण्याची योजना राबवली. सौर पॅनेलला फिरणारा भाग नसतो, तो पुसला की झालं. पवनचक्कीचं तसं नाही. ती वर्षाला कोट्यवधी फेरे मारणारं यंत्र आहे. तिला मोटारसायकलइतकीच नियमित देखभाल लागते. संच बसवताना त्याच्या किमतीबरोबर देखभालीचा करार कोण करणार, सुटी पाती मिळणार का आणि मनोरा खाली कसा घ्यायचा, हे तीन प्रश्न विचारले नाहीत, तर तिसऱ्या पावसाळ्यात ती चक्की शोभेची वस्तू होऊ शकते.

घेण्याआधी आणखी एक गोष्ट बघा. वादळात तार तुटली आणि बॅटरीही जोडलेली नाही, अशा वेळी ही चक्की स्वतःला कशी आवरेल, असं विक्रेत्याला विचारा. काही यंत्रं शेपूट मुडपून वाऱ्यापासून तोंड फिरवतात, काही पाती वळवतात. उत्तर फक्त इलेक्ट्रॉनिक ब्रेक असं आलं, तर जपून. वीज गेली तरी चालेल असा आवर यंत्रातच हवा, हे जेकब्स यांना माँटानाच्या वाऱ्याने शिकवलं होतं.